मिनिटाला साठ शब्द

तिसरी ‘ब’च्या बाईंना सगळी शाळा पाठीमागे थांबाबाई म्हणायची, आणि बाईंना ते ठाऊक होतं. नाव ठेवणारा मोठा खट्याळ असला पाहिजे, कारण या बाई आयुष्यात कधी एका जागी थांबल्या असतील तर फक्त वर्गाचा फोटो काढताना, आणि त्या फोटोतही त्यांचा उजवा हात हललेला आहे. वर्गातल्या खुर्चीवर मुलांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या असत. बाई फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत आणि तिथून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत शिकवत, आणि जाता जाता कुणाचं सुटलेलं बटण लाव, कुणाच्या वहीखालून चिंचोके काढून घे, असं चालू असे. स्टाफरूममध्ये चहा उभ्यानेच. नवरा पाण्याच्या पंपावर ऑपरेटर होता, शांत माणूस. तो म्हणायचा की हिच्या पायाला नुसती भिंगरी नाही, वंगण घातलेली भिंगरी आहे.

अशा बाईच्या तोंडी ‘थांबा’ हा शब्द कसा बसला, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती सगळीच काही त्यांच्या कौतुकाची नाही.

त्या शाळेत वर्षातून दोनदा वाचनाची चाचणी व्हायची. पर्यवेक्षक मॅडम गळ्यात स्टॉपवॉच अडकवून येत, एकेका मुलापुढे छापील पान ठेवत, बटण दाबत आणि एका मिनिटात किती शब्द वाचले ते मोजत. तिसरीला साठ शब्द लागत. त्याहून कमी वाचणारं मूल मागच्या इमारतीतल्या ‘तयारी वर्गा’त जाई. तयारी कशाची, हे कुणी विचारत नसे. मोडक्या बाकांच्या गोदामाशेजारची ती खोली होती, दुपारच्या पाळीत भरायची, आणि तिथे गेलेलं मूल पुन्हा पुढच्या इमारतीत आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मुलं तिला कोंडवाडा म्हणत. मुलांना नावं बरोबर सुचतात.

बाईंचा वर्ग या चाचणीत अकरा वर्षं पहिला येत होता. त्यांची पोरं वाचायची म्हणजे कशी, फाडफाड. शब्द कितीही मोठा असो, जोडाक्षर कितीही आडवं येवो, जीभ कुठे अडखळायची नाही. आधी सगळ्यांनी एका सुरात वाचायचं, मग ओळीओळीने, मग एकट्याने, बोट शब्दाखाली आणि डोळा पुढच्या शब्दावर. बाईंनी स्वतःच्या पैशांनी एक स्टॉपवॉच घेतलं होतं. दुसऱ्या शाळांतले शिक्षक त्यांचा तास बघायला यायचे आणि बाई त्यांना सांगायच्या की वाचन म्हणजे सराव, दुसरं काही नाही. अकरा वर्षं त्यांना तसंच वाटत होतं, हे विसरून चालणार नाही.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, इस्त्रीवालीची. चौकातल्या लाँड्रीत तिची आई दिवसभर उभी राहून कपड्यांना इस्त्री करायची. पोरगी बारीक, गप्प, आणि वाचायला उभी केली की दर दोन ओळींनी बंद पडणार. मुलांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. मिनिटाला एकतीस शब्द. बाईंनी तिला चुचकारलं, रागावलं, मधल्या सुट्टीत बसवलं, पण एकतीसचे तेहतीस होईनात. शेवटी त्यांनी तयारी वर्गाच्या शिफारशीचा फॉर्म भरला, सही केली आणि ऑफिसात पाठवून दिला. त्या दिवशी त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. पोरगी चांगली आहे, डोकं बेताचं आहे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते पान आलं.

सरावासाठी बाई दर आठवड्याला एका गोष्टीच्या झेरॉक्स काढवून घ्यायच्या. त्या आठवड्याची गोष्ट होती कासवाची, दोन पानांची. शिपाईकाकांनी पुढच्या बाजूला गोष्टीचं पहिलं पान नीट छापलं. मागच्या बाजूला मात्र दुसऱ्या पानाऐवजी स्टाफरूममधल्या नव्या पाण्याच्या फिल्टरचं माहितीपत्रक छापलं गेलं. तीस प्रती तशाच वर्गात वाटल्या गेल्या.

पहिला उभा राहिला तो वर्गातला हुकमी एक्का. त्याने छाती पुढे काढून वाचलं: ‘कासव धापा टाकत तळ्याकाठी आलं. समोर पाणी बघून त्याला आनंद झाला. त्याने’, इथे त्याने झपकन पान उलटलं, ‘मागील बाजूची तोटी बंद करून गाळणी आठवड्यातून एकदा ब्रशने घासावी.’ बाई खिडकीपाशी होत्या. त्यांना हसू आलं आणि त्या वळल्या, कारण आता वर्ग खो खो हसणार. वर्ग हसला नाही. एक्का वाचतच गेला, चढउतारासकट, आवाजात कासवाबद्दलची कणव तशीच ठेवून, पार ‘वॉरंटी एक वर्ष’पर्यंत. शहाण्णव शब्द. मुलांनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या.

बाईंनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. सहा जणांनी ते पान बिनचूक वाचलं. बाईंनी विचारलं, “कासवाने शेवटी काय केलं?” पंचवीस हात वर. कासवाने तोटी बंद केली. आणि? गाळणी घासली. पूर्ण वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. अकरा वर्षांचे पहिले नंबर त्यांच्या डोळ्यांपुढून गेले आणि प्रत्येकाच्या हातात त्यांना ब्रश दिसला.

सातवी गोगलगाय. तिने अडखळत पहिलं पान संपवलं, उलटलं, एक ओळ वाचली आणि नेहमीसारखी बंद पडली. मागून कुणीतरी हसलं. ती पुन्हा पुढचं पान बघून आली, पुन्हा मागचं बघितलं आणि अपराध्यासारखी म्हणाली, “बाई, कासव कुठे गेलं?”

तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि तो सुखाचा नव्हता. ही मुलगी अडत नव्हती, थांबत होती. वाचलेलं डोक्यात शिरेपर्यंत ती पुढचं पाऊल टाकत नव्हती. वर्गात वाचणारी ती एकटीच होती. बाकीचे नुसते आवाज काढत होते. आणि कोंडवाड्याच्या फॉर्मवर सही तिच्या नावापुढे झाली होती.

संध्याकाळी बाई घरी गेल्या त्या स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. असलेली भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. नवऱ्याने काय झालं म्हणून विचारलं तर कासवाची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. बाईंना राग आला, आणि रागाच्या भरात त्यांनी एक प्रयोग केला. दुसऱ्या दिवशीच्या सामानाच्या यादीत साबण आणि साखर यांच्यामध्ये त्यांनी ‘दोन किलो खिळे’ असं लिहून टाकलं. नवरा दोन किलो खिळे घेऊन आला. कशाला, असंही विचारलं नाही. तू लिहिलंस म्हणजे लागणार असतील, म्हणाला. ते खिळे पुढे कित्येक वर्षं घरात होते; पण त्यांनीच बाईंना वाट दाखवली, हे खरं.

आठवडा उलटायच्या आत तिसरी ‘ब’मध्ये नवा नेम सुरू झाला. रोज सकाळी बाई फळ्यावर दहा ओळींचा उतारा लिहायच्या आणि त्यात एक ओळ मुद्दाम चुकीची घालायच्या. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, पण बाकीच्या ओळींशी न जमणारी. तिला वर्गात ‘खोट’ म्हणत. मुलांनी मनात वाचायचं, आणि खोट सापडली की तोंडाने काही न बोलता पेन्सिल बाकावर आडवी ठेवायची. कुणी घाईने पुढे गेलं की बाई म्हणायच्या, थांबा. डोळे मिटा. आत्ता वाचलंत ते दिसतंय का? कोण उभं आहे, कुठे उभं आहे? पुढे काय होईल असं वाटतं? आता पुढची ओळ.

पहिले आठ दिवस एकही पेन्सिल खाली आली नाही, एक सोडून. हुकमी एक्का रडला, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याला काही येत नव्हतं. मग हळूहळू पोरांना वास लागला, आणि मग तो इतका लागला की पुरे म्हणायची पाळी आली. त्यांना गणिताच्या उदाहरणांत खोट दिसू लागली: माणूस एकटा राहतो तर एका वेळी साठ केळी घेतो कशाला? एकाने घरी वडिलांना सांगितलं की तुम्ही काल म्हणालात ते आणि आज म्हणताय ते जमत नाही. वडील शाळेत आले होते.

मग बाईंनी मुलांनाच खोट घालायला लावली, आणि त्यात गोगलगायीचा हात धरणारं कुणी निघालं नाही. तिची एक खोट बाईंनी वहीत उतरवून ठेवली आहे: ‘आजोबांनी सगळ्यांना पत्र वाचून दाखवले. पत्र छोटे होते. चष्मा ते कालच गाडीत विसरले होते.’ अख्ख्या वर्गाला ती पाऊण तास सापडली नाही. सापडली तेव्हा एक्का स्वतः उठला आणि त्याने तिला आपली नवी पेन्सिल दिली.

इथपर्यंतची गोष्ट बाई कुणालाही हौसेने सांगत. पुढची सांगत नसत.

बाई हेडसरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, माझा फॉर्म परत द्या, माझी चूक झाली. हेडसर वाईट माणूस नव्हता, फक्त रजिस्टरात वाढलेला माणूस होता. त्याने ऐकून घेतलं, गोगलगाय पोटात पाय म्हणतात ते खरं दिसतंय असा विनोदही केला, आणि मग रजिस्टर पुढे सरकवलं. तिथे तिच्या नावापुढे एकतीस होते. तीन आठवड्यांनी चाचणी आहे, तिथे साठ होऊ द्या, फॉर्म मी स्वतः फाडतो. पण मुलगी हुशार आहे असं कोणत्या रकान्यात लिहू ते सांगा. बाईंनी सगळे रकाने वाचून काढले. तसा रकाना नव्हता.

त्याच दुपारी तिची आई फाटकापाशी उभी होती. दुकानातून पळत आली असावी, बाह्या वर दुमडलेल्या तशाच. ती रडली-बिडली नाही.

“मॅडम, मागच्या खोलीत मीपण होते,” ती म्हणाली. “तिथे गेलं ना, की मग कुणी काही विचारतच नाही आपल्याला. हिला नका पाठवू. तुम्ही सांगाल ते करून घेते मी तिच्याकडून.”

बाईंनी शब्द दिला. द्यायला नको होता, पण समोर ती बाई तशी उभी असताना न देणारा माणूस वेगळा असतो आणि आपल्या बाई तशा नव्हत्या.

तीन आठवड्यांत एकतीसचे साठ करायचे तर रस्ता एकच होता, आणि तो बाईंच्या इतका पायाखालचा होता की डोळे मिटून चालता आला असता. मधल्या सुट्टीत त्या गोगलगायीला नकाशांच्या खोलीत नेऊ लागल्या. गुंडाळून उभ्या केलेल्या नकाशांमध्ये एक स्टूल, एक पुस्तक, आणि बाईंच्या हातात ते जुनं स्टॉपवॉच. मुलीच्या हातात पुठ्ठ्याची पट्टी. वाचून झालेली ओळ पट्टीने झाकायची, म्हणजे मागे वळून बघता येत नाही. “थांबायचं नाही,” बाई म्हणाल्या. “काही आलं तरी थांबायचं नाही. कळलं नाही तरी पुढे जायचं.”

मुलीने मान वर करून बघितलं. सकाळी फळ्यापाशी याच बाई थांबा म्हणत होत्या. बाईंनी तिला समजावलं की ते वर्गासाठी आणि हे चाचणीसाठी. मुलगी बरं म्हणाली. मुलं बरं म्हणतात तेव्हा त्यांना पटलेलं असतं असं नाही, एवढं बाईंना कळत होतं, पण घड्याळ चालू झालं होतं.

बाईंचे ते तीन आठवडे फार वाईट गेले. सकाळी एक आणि दुपारी त्याच्या उलट, हे त्यांना आतून कुरतडत होतं. वर्गात त्यांचा खडू पुन्हा पुन्हा मोडायचा. घरी त्या सगळ्यांवर खेकसायच्या, मग वाईट वाटून फर्निचर हलवत बसायच्या. नवरा पंपावरून परत यायचा तर कपाट दुसऱ्याच भिंतीला. तो एकदा म्हणाला की एवढा जीव जळतोय तर सोडून दे. त्यावर बाई म्हणाल्या की सोडलं तर ती कोंडवाड्यात जाते, आणि नाही सोडलं तर मी तिच्या डोक्यात कोंडवाडा बांधते, आता यातलं कोणतं सोडू ते तू सांग. त्याने कपाटाचं दुसरं टोक धरलं.

मुलगी मात्र शिकत गेली. अडतीस. सत्तेचाळीस. मध्ये एकदा पुन्हा चाळीसवर आली, कारण उताऱ्यात कुत्र्याचं पिल्लू हरवलं होतं आणि ते मागेच सापडलं होतं की नाही हे बघायला तिने पट्टी हळूच वर केली. बाईंनी तिच्या बोटांवर चापट मारली. जोरात नाही, पण अकरा वर्षांत त्यांनी कुणाला मारलं नव्हतं, आणि पिल्लाचं काय झालं ते त्यांनी सांगितलंही नाही, कारण वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी पंचावन्न. मग अठ्ठावन्न. तिचा आवाज आता सपाट, वेगवान, नळाच्या धारेसारखा येऊ लागला होता. कुणीही ऐकून म्हणालं असतं, काय छान वाचते.

चाचणीच्या दिवशी वर्गशिक्षिकेला खोलीत बसता येत असे. पर्यवेक्षक मॅडमनी छापील पान मुलीपुढे सारलं, बटण दाबलं. बाई समोरच्या स्टुलावर टेकल्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून. मुलगी सुरू झाली. बाईंचे ओठ मोजत होते, दहा, वीस, एकोणतीस. पन्नाशीच्या पुढे एका जागी आवाज किंचित लडखडला. मग धार पुन्हा सुरू झाली. बटण वाजलं. त्रेसष्ट.

हेडसरांनी बाईंसमोर फॉर्म फाडला. बाई चौकातल्या लाँड्रीपर्यंत स्वतः चालत गेल्या आणि तिच्या आईला आकडा सांगितला. आईने हातातली इस्त्री उभी करून ठेवली, बाईंचे हात हातात घेतले आणि कितीतरी वेळ सोडले नाहीत. ते हात गरम होते. बाईंना वाटलं, चला, सुटलो. त्या रात्री त्यांना चांगली झोप लागली, महिन्याभरात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा उतारा. खोट सोपी होती, त्रेसष्टच्या आनंदात सगळ्यांना जमेल अशीच घातली होती. पेन्सिली खाली येऊ लागल्या, टक, टक, टक, एकूण एकोणतीस. गोगलगायीची पेन्सिल हातात होती आणि ती शेवटच्या ओळीपलीकडे, फळ्याच्या चौकटीकडे बघत होती. बाईंना वाटलं, दमली असेल. त्याच्या पुढच्या दिवशीही तसंच. त्याच्या पुढच्या दिवशीही. चौथ्या दिवशी बाईंना राहवलं नाही. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाल्यावर त्या तिच्या बाकापाशी गेल्या. आपण एका चांगल्या डोक्याची माती केली, ही भीती त्यांना तीन दिवस हिंडू-फिरू देत नव्हती.

“तुला दिसत नाही का गं आता खोट?”

“दिसते,” मुलगी म्हणाली.

“मग पेन्सिल का नाही ठेवत?”

“ठेवली की थांबायला लागतं. आणि तुम्ही म्हणालात थांबायचं नाही.”

बाईंना इतकं हायसं वाटलं की त्या बाकाच्या कडेवर बसल्याच. दिसते म्हणाली. दिसते! मग त्यांना जे वाटलं ते हायसं नव्हतं. दिसतं आणि सांगत नाही, हे या पोरीला कुणी शिकवलं? पुढच्या इमारतीत राहायचं तर कळलेलं लपवायचं, एवढा एकच धडा तिने तीन आठवड्यांत पक्का केला होता, आणि तो शिकवणारी समोर बसली होती. तिने तो धडा मन लावून केला होता, एवढंच.

मुलगी थोडा वेळ पेन्सिल फिरवत राहिली. मग म्हणाली, “बाई, चाचणीच्या पानावर पण खोट होती. मी थोडीशीच थांबले. लगेच गेले पुढे.”

“कुठली?”

“तो शिंपी होता ना. त्याने सुईत दोरा ओवला असं वर लिहिलं होतं. मग सगळे हसले, आणि मग खाली लिहिलं होतं, तो पाठ वळवून सुईत दोरा ओवत बसला. आणि शेवटी लिहिलं होतं, सुईत दोरा होताच. मग परत कसा ओवेल?”

बाईंनी आठवून बघितलं. शिंपी? त्यांनी डोळे मिटले, वर्गाला शिकवायच्या तसे. त्यांना खोली दिसली, स्टॉपवॉच दिसलं, पर्यवेक्षक मॅडमचा अंगठा दिसला. शिंपी कुठेच दिसेना. सबंध पान त्यांच्यापासून दोन हातांवर मोठ्याने वाचलं गेलं होतं आणि त्यातला एक शब्द त्यांच्या कानांत शिरला नव्हता. त्यांनी फक्त त्रेसष्टपर्यंत मोजलं होतं.

“मला आठवत नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी ऐकलंच नाही.”

“तुम्ही तर समोरच होतात,” मुलगी म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं.

बाई उठल्या आणि तडक ऑफिसात गेल्या. मुलगी मागोमाग. त्यांनी हेडसरांकडे चाचणीचं पान मागितलं. हेडसर म्हणाले, आता कशाला, पास झाली ना ती? बाई म्हणाल्या, हो, म्हणूनच. हेडसरांना यातलं काही कळलं नाही, पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी कपाट उघडलं.

व्हरांड्यात उभ्या राहून दोघींनी ते पान वाचलं. मुलगी वाचत होती, एकतीसच्या चालीने. एक शिंपी असतो. त्याची मुलगी शिकायला दूर गेलेली असते, दोन वर्षांनी घरी येणार असते. तो सुईत दोरा ओवून तिच्यासाठी फ्रॉक शिवायला बसतो. माप घ्यायला ती समोर नसते, पण तिचं माप त्याला पाठ असतं. मुलगी येते, फ्रॉक घालते. फ्रॉक गुडघ्यांच्या कितीतरी वर येतो. घरातले सगळे हसतात, मुलगी हसते, शिंपीही हसतो. मग तो पाठ वळवून सुईत दोरा ओवत बसतो. सुईत दोरा होताच. संपलं.

“बघा,” मुलगी म्हणाली. “खोट.”

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग सबंध पान वाचलं.

“ही खोट नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिणाऱ्याने ती मुद्दाम तशी ठेवलीय. बघ परत. घाई नाही.”

सांगून टाकणं सोपं होतं. ओठांवर आलेलं बाईंनी दातांखाली धरलं. मुलगी पान वर-खाली बघत राहिली. सुट्टी संपल्याची घंटा झाली, मुलं दोघींच्या आजूबाजूने वर्गात गेली, तिसरी ‘ब’मध्ये गोंधळ सुरू झाला, हेडसर दारातून डोकावून गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“त्याला ओवायचं नव्हतंच,” मुलगी सावकाश म्हणाली. “त्याला तोंड दाखवायचं नव्हतं. कारण त्याच्याकडे माप जुनं होतं. ती मोठी झाली ते त्याला माहीतच नव्हतं, आणि सगळे हसले.”

“हो,” बाई म्हणाल्या.

मुलीने पान नीट घडीवर दुमडलं आणि बाईंच्या हातात दिलं. मग ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. तिला फक्त एक गोष्ट बाकीच्यांशी न जमणारी दिसत होती.

“मग हे मला तेव्हा कुणी विचारलं का नाही? घड्याळवाल्या मॅडमनी नाही विचारलं, त्यांना माहीत नसेल. पण तुम्ही तरी विचारायचं होतं, बाई.”